दारातला नावाडी

झुल्मा एचेवेरी पायसांदू गावात औषधांचं दुकान चालवायची आणि उरलेल्या वेळात सान सिरीलो नावाचं बंदर. दुकान खरं होतं, बंदर नव्हतं. पण दोन्हीपैकी एक बंद करायची वेळ आली असती, तर गावातल्या पेशंट लोकांची काही खैर नव्हती.

सान सिरीलो इंटरनेटवर होतं. देशभरातली रिकामी आणि बिनरिकामी माणसं रोज तिथे जमत, एकेक पात्र घेत आणि आळीपाळीने लिहीत ते जगत. मिल्टन, म्हणजे निवृत्त बसड्रायव्हर, तिथे सरदारीणबाई व्हायचा, आणि नखरे तरी काय एकेक! दातांच्या दवाखान्यात काम करणारी यानेला लांडग्यांची शिकार करायची. प्रसंग झुल्मा रचून द्यायची: आज बंदरात चाचे आले, उद्या दीपगृह विझलं. पुढचं ज्याचं त्याने लिहायचं. "शेवट मोकळा ठेवा," असं ती उठताबसता बजावायची. फक्त कुणाचा शेवट तिच्या मनातल्यापेक्षा वेगळा निघाला, की समुद्राला अचानक भरती येऊन तो वाहून जायचा. योगायोग हो, दुसरं काय!

एक नियम मात्र ती डोळ्यांत तेल घालून पाळायची. दुसऱ्याच्या पात्राला हात लावायचा नाही. भिंती पाडा, वादळं आणा. पण दुसऱ्याच्या माणसाचं पाऊल आपण टाकायचं नाही, त्याच्या तोंडी शब्द घालायचा नाही. मिल्टनने एकदा कुणाच्या तरी पात्राला नुसती शिंक आणली, तर बाईंनी त्याला आठवडाभर बाहेर बसवलं होतं. आणि पंधरा दिवस जो लिहिणार नाही, त्याचं पात्र गेलं. यानेला बाळंतपणात होती, तेव्हा तिच्या शिकारिणीच्या पायाखाली विहीर उघडली. बाळाला बघायला झुल्मा झबलं घेऊन गेली, पण शिकारीण काही वर काढली नाही.

तर असल्या या नियमांच्या बाईचा मुलगा, गास्तोन, सान सिरीलोमध्ये नावाडी होता.

घरी मात्र झुल्माने त्याला न विचारताच राजधानी मोन्तेविदेओतल्या आपल्या मावसभावाच्या कचेरीत त्याची नोकरी ठरवली. वर त्याच्या मैत्रिणीला भेटून सांगूनही आली, "पोरी, तो आता जाणार, तू वाट बघू नकोस." केवढी तत्परता! गास्तोनला हे सगळं त्या मैत्रिणीकडून कळलं.

"तिथे तू दुसऱ्याची टोपीसुद्धा हलवू देत नाहीस, आई," तो म्हणाला. "आणि इथे माझे सगळे संवाद तूच लिहितेस."

"तुझ्या भल्यासाठीच ना रे?"

"बघ, हेही मी बोलायच्या आधीच तुझ्याकडे तयार होतं."

त्याने पिशवी भरली आणि ताक्वारेम्बो गावी मित्राच्या सायकलींच्या दुकानात निघून गेला. फोन उचलेना. त्या दिवशी त्याने सान सिरीलोमध्ये मात्र शेवटचं लिहिलं: भिजलेला नावाडी खानावळीच्या दारात येऊन उभा राहिला. खानावळवालीकडे बघून त्याने बोलायला तोंड उघडलं.

बस. पुढे काही नाही. खानावळवाली म्हणजे झुल्मा, हे सांगायला नकोच.

आता पंचाईत अशी, की त्या खानावळीला दार एकच. झुल्मानेच तसं रचलं होतं, चाचे आल्यावर मजा यावी म्हणून. आत अख्खी मंडळी अडकलेली, दारात नावाडी तोंड उघडून उभा, आणि त्याला हलवायची कुणाची छाती नाही. पंधरा दिवस झाले. विहीर काही उघडली नाही. झुल्माने बाहेर वादळ आणलं, म्हणजे कुणी जायचं नावच काढणार नाही. महिना होत आला, तसं दुसरं वादळ आणलं. आणि आत सगळ्यांना मसुराचं कालवण वाढत राहिली.

"बाई, माझ्या सरदारिणीचा कमरपट्टा तुटायला आलाय," मिल्टनने फोनवरच गाठलं. "महिनाभर मसूर! राजघराण्यातली आहे ती."

"वादळ आहे बाहेर."

"वादळ कुणी आणलं? मी?"

यानेला गटात सगळ्यांसमोर म्हणाली, "झुल्माबाई, माझी शिकारीण बुडवताना तुमचा हात थरथरला नव्हता."

झुल्माने आतल्या मंडळींना पुन्हा पळीभर कालवण वाढलं. नावाडी दारातून गेला, तर त्या पोराचं नि तिचं एवढंसं सूत उरलं होतं तेही तुटणार, हे तिला ठाऊक होतं, आणि हे लिहून सांगायला तिला मेलीला लाज वाटत होती.

शेवटी मंगळवारी सकाळी सरदारीणबाईंनी कुऱ्हाड मागवली. माणूस हलवायचा नाही ना? ठीक आहे. भिंत पाडली. कालवणाने फुगलेली अख्खी मंडळी त्या भगदाडातून एकेक करत बाहेर पडली आणि आत उरली खानावळवाली. दारात नावाडी, बाजूला हे एवढं भगदाड.

मिल्टनने खाली लिहिलं: "आता तुम्ही दोघंच. सगळ्यांना विचारलंय, आमची हरकत नाही. नावाड्याचं तुम्हीच लिहून टाका."

औषधांच्या दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. झुल्माने मातेचा, म्हणजे तिकडच्या चहाचा, पेला बाजूला ठेवला आणि लिहायला बसली. आणि काय लिहिलं, वा! नावाडी आत आला, गुडघ्यांवर बसला, "माझंच चुकलं" म्हणाला, "तुला माझी काळजी आहे हे मला कळतं" म्हणाला, आणि कालवण दोनदा मागून घेतलं. लिहिताना तिला रडू कोसळलं. डोळे पुसून तिने ते पुन्हा वाचलं.

नावाडी तिच्यासारखाच बोलत होता. तिचंच "कळतं का तुला", तिचेच सुस्कारे. गास्तोन जन्मात असं बोलला नव्हता. मग तो कसा बोलतो, हे ती आठवायला लागली, आणि तिला आठवेना. एवढ्या वर्षांत त्याला बोलू कधी दिलं होतं?

तिने सगळं खोडलं. 'आत ये' लिहिलं, तेही खोडलं. मग लिहिलं:

खानावळवालीने पळी खाली ठेवली. ती दारापासून मागे सरकली. "तुला काय म्हणायचंय?" तिने विचारलं.

आणि पाठवून दिलं. भरती नाही, वादळ नाही.

दुकानात एक म्हातारा येऊन खोकत उभा राहिला. तेवढ्यात पडद्याच्या तळाशी बारीक अक्षरं उमटली: गास्तोन लिहीत आहे. अक्षरं गेली. पुन्हा आली.

लोकांचे स्वल्पविरामसुद्धा सुधारणाऱ्या झुल्माने दोन्ही हात मांडीवर घट्ट धरून ठेवले.

"बाई, खोकल्याचं औषध देता ना?" म्हातारा म्हणाला.

"थांबा जरा. माझा मुलगा बोलतोय."

म्हाताऱ्याने कान टवकारले. "मला तर काही ऐकू येत नाही."

"मलाही नाही अजून," झुल्मा म्हणाली. "पण तुम्ही मध्ये बोलू नका."