मोकळी आयाळ

चिंचवड स्टेशनासमोर टांगा लावायचा भैरू, पण त्याच्या पाखऱ्या घोड्याची खरी मालकीण भैरूची बायको, शालनबाई. मूलबाळ नसलेल्या त्या बाईचा सगळा जीव पाखऱ्यात. लग्नसराईत तो वरातीला निघाला की तिला काय करू नि काय नको असं व्हायचं.

पंचावन्न सालच्या वैशाखात तिने त्याच्या आयाळीच्या अठरा वेण्या घातल्या, लाल फिती गुंफून, आणि त्या इतक्या घट्ट ओढल्या की मान दोन्ही अंगांनी उघडी पडली.

"नवरदेवाकडं कुणी बघायचंच न्हाई," ती म्हणाली आणि स्वतःवरच खूश झाली.

निगडीच्या वाटेवर समोरून दुसरी वरात आली, स्टेशनावरच्याच टांगेवाल्या सोनबाच्या काळ्या घोड्यावरची. दोन्ही नर, दोन्ही ताज्या दमाचे. नवरदेव कसेबसे खाली उतरले, तोवर काळ्याने पाखऱ्याच्या उघड्या मानेचा लचका तोडला होता.

हळद-तेलाने जखम महिनाभरात भरली. पण शालनबाईचा हात मानेकडे गेला की पाखऱ्या अंग चोरून मागे सरायचा. वैरण तिच्याच हातची खायचा, मानेला मात्र हात लावू देत नव्हता.

शेजारचे लक्ष्मणराव फौजेत घोड्यांची निगा राखून आलेले. ते म्हणाले, "नर भांडाय लागले की मानेलाच दात घालत्यात. तितं केसांची गोधडी हाय म्हणून निभावतं, आसं मला तरी वाटतं. ती तू गोळा करून बांधलीस, पोरी."

शालनबाई चुलीपाशी बसून पोटभर रडली.

पुढच्या लग्नसराईत नानासाहेब दारात आले. मुलाच्या वरातीला घोडा हवा होता, जरीच्या वेण्या घातलेला.

"नवरदेवाला काय घालायचं ते घाला," शालनबाई म्हणाली. "आमच्या घोड्याची आयाळ मोकळीच ऱ्हाईल."

नानासाहेब फणकारून निघून गेले. भैरूने कपाळाला हात लावला, पण बायकोपुढे त्याचं काय चालणार होतं?

आठवड्याभराने ती भैरूची भाकरी घेऊन स्टेशनावर पोचते न पोचते तोच सोनबाचा काळा दावं तोडून धावत आला. पाखऱ्या टांग्याला जुंपलेला, पळणार कुठे? काळ्याने त्याची मान धरली आणि झटक्यावर झटके दिले. टांगेवाल्यांनी मिळून त्याला मागे ओढलं, तेव्हा त्याच्या दातांत मूठभर केस होते.

शालनबाई भाकरी टाकून धावली. तिने दोन्ही हात आयाळीत खुपसले, लाळेने चिकटलेले केस सारत थेट कातडीपर्यंत चाचपलं. या अंगाला, मग त्या अंगाला. रक्ताचा थेंबही नव्हता.

"लागलं का त्याला?" भैरूने विचारलं.

"न्हाई," ती म्हणाली. आणि मग तिच्या ध्यानात आलं, आपले दोन्ही हात केव्हाचे पाखऱ्याच्या मानेवर आहेत आणि तो जागचा हललेला नाही.