काशीला सोडलेला अहंकार

काशीला जाणाऱ्या माणसाने तिथे आपली एक आवडती वस्तू सोडून यायची, हा आपल्याकडचा जुना रिवाज. एखादी भाजी किंवा एखादं फळ. गंगेच्या पाण्यात उभं राहून तिचं नाव घ्यायचं आणि मग जन्मभर ती तोंडात घालायची नाही.

१९९४ साली पिंपळगाव रेणुकाईहून यात्रेची गाडी काशीला गेली, तेव्हा हा रिवाज ज्याने त्याने आपापल्या स्वभावाप्रमाणे पाळला. तातेरावाने कारलं सोडलं. कारलं त्याने लहानपणापासून कधी खाल्लंच नव्हतं. कडूबाने बिडी सोडली आणि ओले कपडे बदलताच तंबाखू मळायला घेतली. चांगुणाबाईने मात्र सीताफळ सोडलं आणि घाटाच्या पायरीवर बसून ती खरोखर रडली. नंदाबाईने दोडका सोडला. मागे रांग लागली होती आणि तिला दुसरं काही आठवेना.

शेवटी नंदाबाईचे मालक साहेबराव पाटील पाण्यात उतरले. आदल्या संध्याकाळी धर्मशाळेत एका महाराजांनी सांगितलं होतं की भाज्या कसल्या सोडता, सोडायचा तर अहंकार सोडा. बाकीच्यांनी ते ऐकलं आणि जेवायला गेले. साहेबरावांना मात्र ते लागलं. गाडीतल्या पन्नास माणसांनी जे केलं नाही ते आपण करायचं, असं त्यांनी तिथेच ठरवलं.

"क्या छोडोगे, जजमान?" पंड्याने विचारलं.

साहेबरावांनी छाती पुढे काढली आणि घाटावरच्या शेवटच्या माणसाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "अहंकार!"

पंडा हातातली फुलं तशीच धरून थांबला. "वो तो ठीक है जजमान, लेकिन कोई सब्जी?"

"सब्जी कोणी बी सोडतं. अहंकार म्हणा!"

पंड्याने मंत्र म्हटला. त्याला पुढच्या माणसाकडे जायचं होतं.

परतीच्या गाडीत नंदाबाईने बराच वेळ विचार केला आणि मग हळूच विचारलं, "अवो, मी दोडका सोडला. तो ताटात आला की मला दिसल, मी हात मागं घेईन. तुमचं हे ताटात आलं तर वळखायचं कसं?"

"येणारच न्हाई," साहेबराव म्हणाले. "सोडला म्हंजे सोडला."

"मंग गाडीत सगळ्यात पुढचं शीट काहून धरलं?"

"पुढून रस्ता दिसतो."

नंदाबाईला वाद घालायचा नव्हता, तिला ते खरं व्हायला हवं होतं. कारण घरी लेक होती, शिवकन्या. डी.एड. होऊन केदारखेड्याच्या शाळेत मास्तरीण झालेली, समजूतदार, हसऱ्या तोंडाची. तिची दोन स्थळं हातातून गेली होती आणि दोन्ही साहेबरावांनी घालवली होती. पहिल्या वेळी पाहुणे गावात आल्यावर आधी तातेरावाच्या घरी चहा प्यायले. "पहिला चहा दुसऱ्याच्या घरी? मंग पोरगी बी तिथंच बघा," म्हणून साहेबरावांनी दार लावून घेतलं. दुसऱ्या वेळी मुलाचा मामा त्यांना नुसतं 'साहेबराव' म्हणाला, पुढे 'पाटील' लावायला विसरला. साहेबराव उठले आणि त्यांनी पाहुण्यांच्या बुडाखालची गादी गुंडाळायला घेतली. पाहुणे अजून तिच्यावरच बसलेले होते.

आता तिसरं स्थळ चालून आलं होतं. मंठ्याला खताबियाण्यांचं दुकान असलेला देवानंद. मुलगा शांत होता. शिवकन्येला तो आवडला होता, हे तिने आईला न सांगता आईला कळलं होतं. दिवाळीनंतर सुपारी फोडायला पाहुणे येणार होते. हे तरी टिकावं, एवढंच नंदाबाईचं मागणं होतं.

गावी आल्यावर साहेबरावांनी आपल्या त्यागाची बातमी सगळीकडे पोहोचवली. पारावर बसून ते म्हणायचे, "माझ्याइतका नम्र माणूस तालुक्यात दाखवा, मी त्याच्या पाया पडतो." एक-दोघांनी नावं सुचवली, तर साहेबरावांनी त्या माणसांमधले दोष काढून दाखवले.

लोकांनाही गंमत सापडली. तातेराव लांबून हाक मारायचा, "काय साहेब्या, कुठं निघाला?" साहेबराव दात एकमेकांवर दाबून हसायचे, "तुमच्या पायाची धूळ शोधायला." मग घरी येऊन कुऱ्हाड घ्यायचे आणि परसातली लाकडं फोडत बसायचे. त्या पावसाळ्यात नंदाबाईला सरपण कमी पडलं नाही.

पंधरा ऑगस्टला शाळेत त्यांच्यासाठी खुर्ची ठेवली होती. ते खुर्चीवर बसले नाहीत. पुढे जाऊन पहिलीच्या लेकरांत मांडी घालून बसले. डोक्याला मोठा फेटा होता. मागच्या लेकरांना झेंडा दिसेना, तरी साहेबराव हलले नाहीत. भाषण करणारा प्रत्येक जण "पाटलांचा साधेपणा बघा" म्हणत होता. एक जण ते म्हणायचं विसरला, तेव्हा साहेबराव खोकले. त्याला आठवेपर्यंत खोकत राहिले.

"आई, पहिलं बरं होतं," शिवकन्या म्हणाली. "बाबा पहिले फक्त रागावायचे. आता नम्र बी होऊन राह्यले."

"गप बस," नंदाबाई म्हणाली. "नम्र तर नम्र. तुझी सुपारी फुटस्तोवर असंच राहू दे."

सुपारीचा दिवस आला. ओसरीवर गादी टाकली, लोड लावले. मंठ्याहून रामराव आले, म्हणजे मुलाचे वडील. सोबत देवानंद आणि भावकीतले दोघं. रामराव हेही मानी गृहस्थ. मिशीला पीळ, धोतराला कडक घडी. मध्यस्थ म्हणून तातेराव होताच. पाहुण्यांनी चपला काढल्या, पाय धुतले, गादीवर टेकले. रामरावांनी शेजारची जागा थोपटली. "या पाटील, बसा."

साहेबराव हात जोडून मागे मागे सरकले, ओसरीची पायरी उतरले आणि जिथे सगळ्यांच्या चपला पडल्या होत्या तिथे मांडी घालून बसले.

रामरावांचा चेहरा उतरला. "पाटील, आमचं काही चुकलं का?"

"छे, छे! मी काशीला अहंकार सोडून आलो. माझी जागा हीच."

"अवो पण आम्ही गादीवर आन तुम्ही पायतानात? उद्या लोक म्हणतील, मंठ्याच्या रामरावानं पोरीच्या बापाला चपलांत बसवलं."

"म्हणू द्या. लोक काय म्हणतील हे बघायचा अहंकार मला न्हाई."

"पण मला हाय ना!" रामराव ओरडले.

साहेबराव शांतपणे हसले. त्या हसण्याने रामराव जास्तच अस्वस्थ झाले. वर बसावं तर गर्विष्ठ ठरतो, परत जावं तर लग्न मोडतं. शेवटी तेही उठले, पायरी उतरले आणि साहेबरावांच्या शेजारी चपला बाजूला सारून बसले. म्हातारे खाली बसलेले पाहून भावकीतले दोघं उतरले. मग देवानंद. मग तातेराव, "हे बिलकुल बराबर न्हाई" असं पुटपुटत. ओसरीवरची गादी मोकळी पडली. घरातलं मांजर आलं, त्याने गादीवर दोन चकरा मारल्या आणि लोडाला टेकून डोळे मिटले.

"बरं," तातेराव म्हणाला, "आता बसलोच हाओत सगळे, तर बोलून घ्या जल्दी."

रामरावांनी घसा साफ केला. एवढं खाली बसावं लागल्याचा राग कुठेतरी निघायचा होताच. "देण्याघेण्याचं आमचं काही न्हाई. एकच गोष्ट. केदारखेडा आम्हाला लांब पडतं. आमच्याकडं घर हाय, दुकान हाय, सुनेनं गावोगाव फिरायची गरज न्हाई. पोरीनं नोकरीचा राजीनामा देऊन टाकावा."

दाराआड नंदाबाईने पदराचं टोक मुठीत धरलं. एरवीचे साहेबराव असते तर आतापर्यंत पाहुण्यांच्या पिशव्या अंगणात आल्या असत्या. इतकी वर्षं याच क्षणाची तिला धास्ती होती. आणि आज पहिल्यांदाच तिला वाटलं, रागवा, देवा, थोडं तरी रागवा.

साहेबराव रागावले नाहीत. त्यांनी हात जोडले. "तुम्ही म्हणाल तसं. माझं माझं करायचं मी सोडलं. मी कोण आडवा येणारा? दिली नोकरी सोडून."

आणि त्यांनी सगळ्यांकडे असं पाहिलं, जसं काही गावजेवणच घातलं आहे.

तोवर शिवकन्या चहा घेऊन दारात आली होती. ती तिथेच थांबली.

"बाबा," ती म्हणाली, "काशीला तुम्ही गेल्ते. मी न्हाई गेले."

ती ओसरीच्या कडेपर्यंत पुढे आली.

"तुम्ही तुमचं काय बी सोडा. नोकरी माझी हाय. ती तुम्हाला सोडता येत न्हाई." ती पाहुण्यांकडे न बघता बापाकडेच बघत होती. "माझ्या पहिलीच्या वर्गात एक पोरगी हाय. जूनमधी ती पाटीकडं बघायची बी न्हाई. परवा तिनं तिचं नाव लिव्हलं आन सगळ्या वर्गात दाखवत फिरली. तिला मी म्हटलं का, की पोरी, अहंकार करू नको? मी टाळ्या वाजवल्या. आता मी तिला काय सांगू? बाईंचे बाबा लई नम्र झाले म्हणून बाई चालल्या? मला बी अहंकार हाय बाबा. थोडासाच हाय, पण कामाचा हाय."

रामरावांनी मिशीवरून हात फिरवला. "पाटील, आमच्यात पोरी बैठकीत बोलत न्हाईत."

साहेबरावांचे कान लाल झाले. हा रंग गावाच्या ओळखीचा होता. तातेराव थोडा मागे सरकला. आता एकतर साहेबराव पोरीवर ओरडणार, नाहीतर पाहुण्यांना हाकलणार. तिसरं काही त्या माणसाला येत होतं असं आजवर कोणी पाहिलं नव्हतं.

साहेबराव लेकीकडे पाहत राहिले. तिच्या हातात चहाचा ट्रे होता. बोटांच्या पेरांत खडूचा पांढरेपणा बसला होता. तो धुऊनही गेला नव्हता.

"चुकलं माझं, शिवकन्या," ते म्हणाले. "तुझं होतं, ते मी देऊन बसलो." मग ते रामरावांकडे वळले. आवाज चढला नव्हता. "पाहुणे, नोकरी सुटणार न्हाई. आन सोडा असं तुमचं म्हणणं बी नसल. माझीच समजूत उलटी झाली. लांब पडतं, एवढंच तुम्ही म्हणाले. ते खरंच हाय. लांब तर पडतंच."

रामराव तोंड उघडून बसले. ते काय म्हणाले होते, हे त्या चपलांत बसलेल्या प्रत्येकाने ऐकलं होतं. साहेबरावांनीही ऐकलं होतं. ताणून धरलं असतं तर साहेबराव शंभर टक्के बरोबर ठरले असते.

देवानंद आतापर्यंत एक अक्षर बोलला नव्हता. तो म्हणाला, "जिल्ह्यातल्या जिल्ह्यात बदली मिळती, बाबा. अर्ज करता येतो. तवर त्या तिथंच राहतील, मी जाऊन-येऊन करीन. दुकानाचा माल आणायला मला जालन्याला जावंच लागतं, केदारखेडा तिथून पुढंच हाय."

रामरावांनी मुलाकडे पाहिलं, मग व्याह्याकडे. मग त्यांनी मिशीला पुन्हा पीळ दिला. "मी तेच तर म्हणून राह्यलो! लांब पडतं, बदली करून घ्या. पण माणसाचं कोणी पुरं ऐकूनच घेत न्हाई."

"बराबर हाय," साहेबराव म्हणाले. "माझाच दोष."

तातेरावाच्या हातातून सुपारी पडता पडता राहिली.

"मंग आता हितंच फोडायची का, चपलांत?" भावकीतल्या एकाने विचारलं.

"गादीवर चला!" रामराव आणि साहेबराव एकदमच म्हणाले. मांजराला उठवलं. साहेबराव आपल्या नेहमीच्या जागी लोडाला टेकून, एक पाय दुमडून, पाटलासारखे बसले. तेव्हा कुठे रामरावांच्या जिवात जीव आला. सुपारी फुटली. चहा थंड झाला होता, तो शिवकन्येने पुन्हा गरम करून आणला, आणि देवानंदने कप घेताना बशीत सांडला.

दिवेलागणीला पाहुणे मंठ्याकडे निघाले. घर शांत झालं. साहेबराव ओसरीवर एकटेच बसून राहिले. नंदाबाईला वाटलं, आनंदात असतील. जवळ जाऊन पाहते तर चेहरा पडलेला.

"काय झालं?"

"नेम मोडला माझा," साहेबराव म्हणाले. "एवढे दिवस सांभाळला, आन आज सुपारीच्या दिवशीच मोडला. पाहुण्यांना तोंडावर न्हाई म्हटलं. वरतून गादीवर लोडाला टेकून बसलो. अगं, अहंकार परत आला. काशीला जाऊन काही उपेग झाला न्हाई."

नंदाबाई त्यांच्याकडे पाहत राहिली. लग्नाला तीस वर्षं होत आली होती. एवढ्या वर्षांत 'चुकलं माझं' हे शब्द तिने या माणसाच्या तोंडून आज पहिल्यांदा ऐकले होते, आणि तेही चार पाहुण्यांसमोर, पोटच्या पोरीला. दुसरा खोटा पडू नये म्हणून स्वतःचं खरं गिळलेलंही आजच पाहिलं होतं. आणि हे करताना त्याला ते कळलंसुद्धा नव्हतं. घाट नाही, पंडा नाही, कोणाला ऐकू जावं म्हणून मोठा आवाज नाही.

हे त्यांना सांगावं म्हणून तिने तोंड उघडलं. मग तिला उद्याचा पार दिसला. मध्यभागी साहेबराव, भोवती माणसं, आणि साहेबराव सांगत आहेत की 'चुकलं' म्हणावं तर कसं म्हणावं, ते माझ्याकडून शिका.

तिने तोंड मिटलं.

"आला तर येऊ द्या," ती म्हणाली. "उठा, भाकर वाढते."