दुसऱ्या हनुवटीचा डॉलर

अडुसष्ट साली मी मातो क्रिझमानला भर सभेत लबाड ठरवलं. तो शब्द वापरला नाही, पण अर्थ तोच होता.

ब्यूट या खाणीच्या गावातल्या आमच्या नाणेमंडळाची सभा महिन्याच्या दुसऱ्या रविवारी चर्चच्या तळघरात भरते. चिटणीस मी, डेल्फा ट्रेगेना. चांदीच्या डॉलरबद्दल माझा शब्द अखेरचा, आणि मला त्याचा माज होता हे आता लपवण्यात अर्थ नाही.

मातो खाणीच्या वर्कशॉपमध्ये फिटर. त्याने १८८९ चा डॉलर आणला होता. त्यावरच्या बाईच्या हनुवटीखाली आणखी एक पुसटशी हनुवटी दिसत होती.

"टाकसाळीतच ठसा दुहेरी झालाय," तो म्हणाला.

"म्हातारीला खाणं मानवलंय!" ऑर्विल खाटीक म्हणाला आणि सगळे खिदळले.

ठसा चुकला तर तीच चूक त्या ठशाच्या प्रत्येक नाण्यावर येते. म्हणून आमच्याकडे एकटं नाणं पुरावा धरत नाहीत. मी भिंग खाली ठेवलं. "मातो, तुमचा हात छिन्नीवर बसलेला आहे. जोडीचं नाणं आणा, मग बोला."

त्याने डॉलर रुमालात गुंडाळला आणि गेला, तो पुन्हा फिरकला नाही. मी वहीत लिहिलं: 'क्रिझमान यांचे नाणे हाताने कोरलेले. अमान्य.'

बहात्तरच्या मार्चमध्ये एका बाईने शिवणाच्या डब्यात सापडलेले चांदीचे सात डॉलर मला विकले. चौथ्यावर तीच दुसरी हनुवटी, तिथेच, तितकीच पुसट.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी मातोच्या दारात उभी राहिले. त्याची बायको ल्युबा मला पाहताच आत निघून गेली. मातोने मात्र खुर्ची पुढे सरकवली.

"मी चुकले," मी नाणं त्याच्यापुढे ठेवलं. "ही बघा जोडी. तुमचं द्या, रविवारी दोन्ही शेजारी ठेवते आणि सगळ्यांसमोर माफी मागते."

त्याने माझा डॉलर खिडकीशी नेऊन बराच वेळ पाहिला. मग खिशातून स्वतःचा काढून माझ्या तळहातावर ठेवला. बाईची हनुवटी होती तिथे सपाट, चकचकीत चांदी होती. तोंडाखालचा सगळा भाग घासून काढलेला.

"हे कुणी केलं?"

"मीच. त्या सभेच्याच आठवड्यात, वर्कशॉपच्या ग्राइंडरवर."

"अहो, पण का?"

"वर्कशॉपमधली पोरं रोज विचारायची, मातो, आज कुणाला हनुवटी बसवलीस? आजोबांचा डॉलर होता, टाकवेना. लबाडाचा म्हणून खिशात ठेववेना. मग घासला."

मला रडू आलं. त्याने ते पाहिलं नाही, किंवा पाहून न पाहिल्यासारखं केलं. माझा डॉलर परत देत म्हणाला, "आता तुझं नाणंही एकटंच झालं की गं, डेल्फा. काय करशील?"

डॉलर डब्यात ठेवून गप्प बसणं सोपं होतं. तरी रविवारी मी तो घेऊन गेले. मातोही आला, दाराजवळ टोपी मांडीवर घेऊन बसला. मी उभं राहून सगळं सांगितलं: नाणं खरं, मातो खरा, मीच खोटी.

ऑर्विलने भिंग लावलं. "याची जोडी कुठाय?"

मातो उठला आणि त्याचा डॉलर टेबलावर ठेवून परत जागेवर बसला.

"यावर तर काहीच नाही!"

"होतं. मी पाहिलंय," मी म्हणाले.

"तूच तर म्हणालीस कोरलेलं होतं म्हणून!" ऑर्विल हसला. "मातोकडून छिन्नी चालवायला शिकलीस वाटतं!"

तळघर हसलं. तोच हशा, त्याच खुर्च्यांमधून. माझे कान तापले, आणि हा माणूस चार वर्षं काय सोसत होता ते मला त्या क्षणी कळलं.

मातो हसला नाही. त्याने डॉलर उचलला, माझ्याकडे बघून मान हलवली आणि जिना चढून गेला.

नाणं माझंच होतं, म्हणून मतं घेतली गेली; बहुतेक हात विरोधात. वही माझ्याच हातात होती. मी लिहिलं: 'ट्रेगेना यांचे नाणे हाताने कोरलेले. अमान्य.' आणि खाली चिटणीस म्हणून सही केली.