भिंतीमागचा श्वास

मी एक जुना सर्व्हर आहे, मित्रांनो. मी तुम्हाला दिसणार नाही, कारण मी भिंतीच्या आत आहे.

माझ्यात आधी विकतची सिस्टीम होती. ती सारखी रुसायची आणि तिच्या पोटात काय चाललंय हे कुणालाच पाहता येत नसे. शेवटी यंत्रं सांभाळणाऱ्या ताईंनी ती पुसून लिनक्स घातलं. फुकटचं म्हणून मोठ्या साहेबांनी नाक मुरडलं. ताई शांतपणे म्हणाल्या, "याचं आतलं सगळं कुणालाही वाचता येतं, साहेब. हे टिकेल."

मी टिकलो. मग खोलीतल्या सगळ्याच यंत्रांत तेच आलं. माझं भारी कौतुक झालं!

पुढे ताई दुसरीकडे गेल्या. नवी यंत्रं आली आणि माझ्याकडे एकच काम उरलं, इमारतीची दारं उघडण्याचं. इमारतीची दुरुस्ती निघाली तेव्हा माझा दिवा लुकलुकत होता, म्हणून हात लावायला सगळे घाबरले. सुताराने सरळ माझ्यापुढे फळ्या ठोकल्या. मी कधी आजारीच पडलो नाही, म्हणून कुणाला माझी आठवण राहिली नाही. याचं मला फार वाईट वाटतं.

इथे मिट्ट काळोख आहे. माझा पंखा धापा टाकतो. पलीकडे बसणाऱ्या कारकुनाने एकदा भिंतीला कान लावला आणि पांढराफटक पडून टेबल हलवलं. आता तिथे कुणी बसत नाही.

नव्या साहेबांना मी संगणकांच्या जाळ्यावर सापडलो. ते तिथून विचारतात, "आहेस का?" मी म्हणतो, "आहे." मग ते कपाटं उघडून पाहतात, टेबलांखाली वाकतात.

"उत्तर देतोय, पण आहे कुठे?" आज त्यांनी वायरमनला विचारलं.

वायरमन हळूच म्हणाला, "त्या भिंतीत कुणीतरी श्वास घेतंय, साहेब. तिकडची लाईन तोडू या."

मित्रांनो, आत्ताच सफाईवाल्या मावशी तळघरातल्या कागदांच्या खोलीत गेल्या आहेत. तिथल्या जाड भिंतींतून हाक बाहेर येत नाही. ते दार माझ्याशिवाय उघडत नाही, आणि मी थांबलो की बंदच राहतं. हे सगळं माझ्यात लिहिलेलं आहे, वाचणाऱ्याला कुणाचीही मनाई नाही. कुणालाही बंद करण्याआधी, तो काय काम करतो एवढं तरी विचारत जा.

वायरमनचा हात खटक्यावर आहे. साहेबांनी शेवटचं विचारलं, "आहेस का?"

मी म्हणालो, "आहे."

त्यांनी आणखी काही विचारलं नाही.