दुसरा भाग घ्यावा की नाही

व्हिडिओ गेम विकत घ्यावा की नाही, हे लोकांना सांगणं हे त्याचं काम. त्याची बहीण त्याला लहानपणापासून ठोकळ्या म्हणायची.

तलवार घेऊन हिंडायचं, मारामाऱ्या करायच्या आणि आपलं पात्र हळूहळू घडवत न्यायचं, अशा खेळांवर तो अकरा वर्षं लिहीत होता. आता एका गाजलेल्या खेळाचा दुसरा भाग आला होता. पहिल्या भागाने त्याला तहानभूक विसरायला लावली होती. दुसरा बावीस तास खेळून झाला, तरी आत काहीच हललं नाही. आईला जाऊन सहा आठवडे झाले होते. सपक काय आहे, खेळ की आपण, हेच त्याला कळेना.

संपादकांचा फोन आला. "अरे, हो की नाही, एवढंच तर सांगायचंय."

"सांगतो," तो म्हणाला.

रविवारी सकाळी ताई आईचं कपाट आवरायला आली. ती हाडांच्या दवाखान्यात पेशंटना पुन्हा चालायला शिकवायची. त्याने तिच्या हातात कंट्रोलर दिला.

"मला यातलं ओ की ठो कळत नाही."

"म्हणूनच. तू खेळ. मी बघतो."

पुलावरच्या पहारेकऱ्याने तिला सात वेळा मारलं. "मेल्या, पाठीमागून वार करतोस!" ती ओरडली. आठव्यांदा तो पडला, तशी ती खदाखदा हसली. मग एकदम थांबून तिने आईच्या खोलीकडे पाहिलं, आणि पुन्हा खेळायला लागली. ठोकळ्या वहीत टिपत राहिला. ताई कुठे पुढे सरकते, कुठे जांभई देते, तेवढंच.

खेळातल्या एका गावात आंधळा लोहार भेटला. "याचं काय?" ताईने विचारलं.

"पहिल्या भागात त्याला दिसायचं. आपली पहिली तलवार त्यानेच घडवली होती."

"आणि हे मला आत्ता सांगतोस? मला तर हा कुणीतरी म्हातारा वाटला. मग लोकांना लिही ना तसं, आधी पहिला खेळा म्हणून."

तिची घरी जायची दुपारची बस गेली, तरी ती उठली नाही. कपाट तसंच राहिलं.

त्याने लेख लिहिला. 'मला या खेळात काही वाटलं नाही, पण सध्या मला कशातच काही वाटत नाही, तेव्हा माझ्यावर जाऊ नका. माझ्या बहिणीने आयुष्यात पहिल्यांदा कंट्रोलर धरला आणि तिची बस चुकली. पहिला भाग खेळला असेल तर हा घ्या. नसेल तर आधी तो.'

"गुण किती?" संपादकांनी विचारलं.

"आकडा नाही देता येत."

त्यांनी पहिली दोन वाक्यं उडवली आणि स्वतःच दहापैकी सात टाकले. छापून आलेलं त्याने वाचलं. राग यायला हवा होता. आला नाही.

ताईने मात्र पहिला भाग सुरू केला. कामावरून सुटली की ती त्याच्याकडे येते, चपला काढते आणि थेट पडद्यासमोर बसते. तो चहा ठेवतो आणि शेजारी बसतो.

"काही वाटतंय का रे?" परवा तिने मान न वळवता विचारलं.

"नाही अजून."

"बरं. इथून डावीकडे की उजवीकडे?"

"डावीकडे," तो म्हणाला. "पण जरा हळू जा."