खांबावरची काच

माणिकपूरच्या आमच्या चार मजली सोसायटीचा मी अकरा वर्षं अध्यक्ष आहे, तो केवळ माझ्या तोंडामुळे. पंप जळो, टाकी फुटो, माझं तोंड हसरंच. पुढाऱ्याचा चेहरा पडला की माणसं खचतात, हा माझा ठाम समज. ‘दिनानाथ हसतोय ना, मग निभावेल,’ असं लोक म्हणायचे आणि मला गुदगुल्या व्हायच्या.

पार्किंगमधल्या खांबाला भेग गेली तेव्हा इंजिनिअर आला. त्याने भेगेवर आडवी काचेची पट्टी चिकटवली, तिच्यावर मार्करने तारीख घातली आणि मला बजावलं, “काच तडकली तर भेग वाढतेय. त्याच दिवशी सगळ्यांना खाली काढा.”

तिसऱ्याच सकाळी काच तडकलेली. वर बावीस कुटुंबं. कुणाच्या मुलीची बारावी, कुणाची सून बाळंतीण. कुठे जाणार ही माणसं? मी फोटोफ्रेमची काच कापून आणली, चिकटवली, तीच तारीख घातली. गेटवर भेटेल त्याला सांगितलं, “काच शाबूत!” पुढे आणखी दोनदा तेच केलं. लाज वाटायची; पण लोक निश्चिंत जेवतात, याचा अभिमानही वाटायचा.

चौथ्यांदा तडकली तेव्हा मात्र मी नवी काच कापली नाही. उद्या सगळ्यांना खरं सांगून टाकायचं ठरवलं आणि तुटकी काच तशीच सोडली.

सकाळी खाली गेलो, तर काच अखंड.

तारीख तीच होती, पण सातचा आकडा माझा नव्हता. इंजिनिअरचाही नव्हता. दुसऱ्या दिवशीही काच अखंड, आणि अक्षर आणखी कुणाचं तरी. भेगेत आता माझं बोट शिरत होतं. मला तिथे उभं राहवेना, आणि कुणाला सांगायला तोंडही उघडेना.

त्या संध्याकाळी मी स्कूटरच्या आड बसून राहिलो. दिवेलागणीला दुसऱ्या मजल्यावरच्या जयवंतीताई खाली उतरल्या. पदराखाली काच होती. मला पाहून त्या दचकल्यासुद्धा नाहीत.

“आज माझी पाळी,” त्या म्हणाल्या. “काल केनीची होती.”

“कसली पाळी?”

“काच तडकलेली बघून तुमचा चेहरा पडला असता, भाऊ. मग आम्ही कुणाकडे बघायचं? म्हणून तुमच्या आधी येऊन बदलतो. चार वेळा उशीर झाला, तेवढंच तुम्हाला दिसलं.”

“म्हणजे कितीदा तडकते?”

“रोज. परवापासून दिवसातून दोनदा.”

मी जिन्याने धावत सुटलो, बावीसच्या बावीस दारं ठोठावली, सगळ्यांना खाली आवारात आणलं. “इमारत खचतेय!” मी जीव तोडून ओरडलो. “काच खोटी आहे. आता कुणीही वर जायचं नाही!”

सगळे माझ्या तोंडाकडे बघत राहिले. मग हळूहळू त्यांचे चेहरे सैल पडले. पहिल्या मजल्यावरचा केनी मोठ्याने हसला. “काय अध्यक्ष, जाम टेन्शन दिलं ना! मस्करीची पण लिमिट असते.”

मी गालाला हात लावला. गाल वर ओढलेले होते, दात उघडे. दोन्ही हातांनी ओठ खाली ओढले. सोडले की पुन्हा वर. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, तेही त्यांना हसण्याचंच वाटलं असावं.

लोकांनी सुटकेचा निःश्वास टाकला आणि एकेक करून ते जिना चढू लागले.