थर्माकोलचा बाजार

"नवी जागा दिसली का आधी तिला हळदकुंकू वाहायचं, मंग पाय टाकायचा गो," सासू बाईजा सांगायची. ती जाऊन बरीच वर्षं झाली, तरी सुंदराच्या कनवटीला हळदकुंकवाची पुडी असायचीच.

म्हणून मुरबाडच्या शाळेतल्या हॉलात टेबलावर मांडलेला नवा बाजार पाहिला, तेव्हा तिचा हात आपोआप कनवटीला गेला.

बाजार होता थर्माकोलचा. आठवडी बाजाराच्या मैदानावर उद्या काय उभं राहणार, ते लोकांनी बघावं म्हणून मांडलेला. खाली दुकानं, वर गॅलरीची घरं, कडेला दवाखाना, त्यावर वाचनालय, मागं एसटीचा थांबा. लेकराला डॉक्टरकडं न्यावं, शिराळी विकावीत, विजेचं बिल भरावं नि तिथूनच एसटी धरावी. माणसाचा सगळा दिवस त्या एवढ्याशा जागेत मावत होता. एका गॅलरीत तर हिरव्या कागदाची तुळस होती. गाभाऱ्यात वाकून बघावं तशी सुंदरा त्या इवल्या जिन्यांत बघत राहिली. जे अजून नाहीच, ते कुणाच्या तरी मनात असं उभं राहिलं होतं.

तिनं हात जोडले आणि एका कोपऱ्यावर हळदकुंकवाची चिमूट वाहिली.

"अगो, थर्माकोल हाय तो," शेजारी उभी असलेली सकुबाई खुसखुसली. "आता नारळ पण फोड."

"जागा तर आपलीच हाय ना."

नमुना करणारी भाग्यश्री धावत आली. कल्याणची पोर, नुकतीच शिकून कामाला लागलेली. "अहो मावशी, रात्र रात्र जागून केलंय हो हे." मग कुंकवाकडं बघून थांबली. "पण इथंच का वाहिलंत?"

"इथं चिंचेखाली आमी टोपल्या घेऊन बसतो."

नमुन्यात तिथं खेळण्यातल्या मोटारी उभ्या होत्या.

"मी आले तेव्हा मैदान रिकामं होतं," भाग्यश्री हळूच म्हणाली. "तुमच्यासाठी गाळे आहेत की."

"गाळ्यात रोजचा दुकानदार बसंल, बाय. आमी आठवड्याच्या."

एवढी देखणी जागा, आणि तिच्यात टोपली टेकवायला वीतभर भुई नाही.

भाग्यश्रीनं मोटारी उचलून बाजूला ठेवल्या. "आमच्या साहेबांना पटलं तर नकाशात इथं तुम्हाला बसायला ओटा धरता येईल. येत्या बाजाराला मी त्यांना घेऊन येते. पण तुम्ही सगळ्या बसलेल्या दिसायला हव्यात. दोघी-तिघी दिसल्या, तर ते मोटारीच ठेवतील."

"भाताची लावणी सोडून कोण येतंय?" सकुबाई म्हणाली. "पाड्यावरच्या तर नायच नाय. तू काय त्यांची खाचरं लावून देणार?"

"आणते मी सगळ्यांना," सुंदरा म्हणाली. कुंकू वाहिलेल्या जागेपुढं बोललेला शब्द. तो आता माघारी घेता येणार नव्हता.

दुसऱ्या दिवशी गुरुवार, तिचा उपास. तुळशीला पाणी घालून ती वैशाखऱ्याहून निघाली. एसटीतून उतरून तिनं सिद्धगडाखालच्या पाड्यांची पायवाट धरली. बाजारात तिच्याशेजारी टोपली मांडणाऱ्या तानीचं खाचर आधी लागलं. तानी एकटीच वाकून रोपं खोचत होती. बाजारापर्यंत तिचं काम उरकणं कठीण होतं.

सुंदरानं इरलं डोक्यावर सारखं केलं, कासोटा वर खोचला, बांधावरची रोपांची एक मूठ उचलली आणि ती चिखलात उतरली.